दाराबाहेरचा ट्रे

मोठ्या प्रवासी जहाजाच्या केबिन डेकवर सकाळी लवकर फेरी मारली, की रात्री कोणाकोणाचं जेवण खोलीत झालं हे न विचारता कळतं. लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, आणि मधूनच एखाद्या दाराशी गालिच्यावर ठेवलेला ट्रे. स्टीलच्या झाकणाखाली अर्धवट खाल्लेलं सँडविच, केचपचे डाग पडलेला चुरगळलेला नॅपकिन, तळाशी चहा उरलेली किटली, आडवा झालेला काचेचा ग्लास आणि कडेला एक केळं, हातही न लावल्यासारखं. दार लोटलं की प्रवाशाच्या डोक्यातून हा ट्रे जातो. पण स्टुअर्ड येऊन उचलेपर्यंत तो कोणाच्याच ताब्यात नसतो आणि सगळ्यांच्या वाटेत असतो. ही मधली वेळ जितकी कमी, तितकं बरं. या प्रकरणात जे सांगायचं आहे ते एवढ्याचभोवती फिरतं.

ट्रे कुठे ठेवायचा याबाबत सगळ्या जहाजांवर एकच रीत नाही. काही ठिकाणी जेवून झाल्यावर तो दाराबाहेर ठेवा असं सांगतात. काही ठिकाणी रूम सर्व्हिसला फोन करायचा असतो आणि माणूस येऊन घेऊन जातो. काही ठिकाणी तो खोलीतच राहू द्यायचा, केबिन स्टुअर्ड सफाईला आला की नेतो. म्हणून पहिल्याच दिवशी स्टुअर्डला विचारून घ्यावं, किंवा मेन्यू कार्डाखालची बारीक अक्षरं वाचावीत. जहाजाला बाहेर ठेवणं आणि फोन करणं या दोन्ही पद्धती चालत असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: ट्रे आत ठेवावा आणि फोन करावा. रात्री दोन वाजता फोन करायला संकोच वाटतो हे खरं, पण रूम सर्व्हिस रात्रभर सुरू असेल तर तिथे माणूस जागाच असतो. सुरू नसेल, तर ट्रे सकाळपर्यंत टेबलावर झाकून ठेवला म्हणून काही बिघडत नाही.

याचं सर्वांत मोठं कारण जेवणाशी संबंधित नाहीच. जहाजाचा कॉरिडॉर हा सर्वांत आधी सुटकेचा मार्ग असतो, बाकी सगळं त्यानंतर. जमिनीवरच्या हॉटेलात आग लागली तर जिना उतरून रस्त्यावर येता येतं. समुद्रात रस्ता नाही. केबिनमधून निघून, कॉरिडॉर आणि जिने पार करून मस्टर स्टेशनला, म्हणजे जमण्याच्या नेमून दिलेल्या जागी पोहोचायचं, आणि गरज पडली तर तिथून जीवरक्षक नौकांकडे. तेही कदाचित दिवे गेलेले असताना, जहाज एका अंगाला कललेलं असताना, झोपेतून उठलेल्या शेकडो माणसांबरोबर. कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून कललं आणि ३२ माणसं गेली. त्यानंतर नियम कडक झाले. प्रवाशांची सुटकेची कवायत आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटल्यासुटल्या घ्यावीच लागते. त्या कवायतीत जो मार्ग दाखवतात तो आपल्या दारासमोरूनच जातो.

पुढच्या वेळी कॉरिडॉरमध्ये चालताना जरा खाली बघा. भिंतीच्या तळाशी किंवा जमिनीलगत एक पट्टी किंवा बारीक दिव्यांची रांग दिसेल. सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार प्रवासी जहाजांवर सुटकेचा मार्ग दाखवणारी ही खूण जमिनीपासून ३० सेंटीमीटरच्या आतच असावी लागते. धूर वर चढतो आणि छतावरचे दिवे व पाट्या आधी दिसेनाशा होतात. मग माणसाला वाकून किंवा रांगत, या पट्टीच्या आधाराने वाट काढावी लागते. भिंतीला टेकवलेला ट्रे, त्यावरची किटली आणि झाकण नेमकं हेच ३० सेंटीमीटर अडवतात. दिवसा आपण त्याला सहज वळसा घालतो. धुरात रांगणाऱ्याच्या हाताखाली मात्र काच आणि सुरी येते, आणि वाट दाखवणारी पट्टी तेवढ्याच भागात तुटते.

स्कँडिनेव्हियन स्टार या जहाजाची आठवण इथे काढायलाच हवी. ७ एप्रिल १९९० च्या पहाटे ओस्लोहून डेन्मार्कला जाणाऱ्या या जहाजाला आग लागली आणि १५९ माणसं मेली. बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, तर धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडने घेतला. माणसं केबिनमध्ये आणि कॉरिडॉरमध्येच पडलेली सापडली. त्या दुर्घटनेशी जेवणाच्या ट्रेचा काही संबंध नव्हता. पण धूर भरलेल्या कॉरिडॉरमध्ये माणसाच्या हाती किती थोडा वेळ असतो, हे तिच्यामुळे जगाला कळलं. तो वेळ वाढवणं आपल्या हाती नाही. जमीन मोकळी ठेवणं आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. कॉरिडॉरमध्ये ठराविक अंतरावर जाड दारं भिंतीला चिकटून उघडी असतात. ती अग्निरोधक दारं. चुंबकांनी धरून ठेवलेली ही दारं धोक्याच्या वेळी एका ठिकाणाहून सोडता येतात आणि आपोआप मिटून आग व धूर पुढे जाऊ देत नाहीत. अशा दाराच्या वाटेत एखादी वस्तू आली, तर ते पूर्ण मिटेलच याची खात्री राहत नाही. तिथे ट्रे ठेवायला कोपरा सोयीचा वाटतो, म्हणूनच ही जागा कटाक्षाने टाळावी. जिन्याचा चौक आणि लिफ्टसमोरची जागासुद्धा.

आगीचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी कॉरिडॉर अरुंद तो अरुंदच. व्हीलचेअर, वॉकर घेतलेले आजोबा, रात्री कोणाच्या छातीत दुखायला लागलं म्हणून स्ट्रेचर घेऊन धावणारं वैद्यकीय पथक, या सगळ्यांना तीच वाट. समुद्र खवळला की ट्रे जागेवर राहत नाही. ग्लास घरंगळतो, समोरच्या दाराशी फुटतो आणि सकाळी अनवाणी डोकावणाऱ्या माणसाच्या पायात काच जाते. जहाजाने ट्रे बाहेरच ठेवायला सांगितलं असेल तर तो आपल्याच दाराच्या बाजूला, लांबट कड भिंतीला लावून ठेवावा, ग्लास आडवा करावा, सुरी-काटे ताटात आणि सगळ्यावर झाकण. समोरच्याच्या दाराशी ठेवू नये हे सांगावं लागू नये, पण लोक ठेवतात.

आता त्या केळ्याकडे येऊ. असं न शिवलेलं फळ, बंद पाकिटातली बिस्किटं, चीजचा तुकडा पाहून ते उचलणारी माणसं असतात. अन्न वाया जाऊ नये ही भावना त्यामागे असते आणि ती मला मनापासून आदराची वाटते. आपल्याकडे पानात टाकणं हा दोष मानला जातो, ते योग्यच आहे. तरीही दुसऱ्याच्या दाराबाहेरचं काहीही उचलू नये, सीलबंद असलं तरी. त्या केबिनमध्ये काय चाललं आहे हे आपल्याला माहीत नसतं.

बहुधा काहीच चाललेलं नसतं. पण एखाद्या केबिनमध्ये नोरोव्हायरस असू शकतो. १९६८ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉर्वॉक गावच्या शाळेत उलट्यांची साथ आली. त्या रुग्णांच्या नमुन्यांतून १९७२ मध्ये अल्बर्ट कापिकियन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू ओळखला. गावाच्या नावावरूनच त्याचं नाव पडलं. लागण झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत अचानक उलट्या आणि जुलाब सुरू होतात आणि बहुतेक माणसं एक ते तीन दिवसांत बरी होतात. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना मात्र अंगातलं पाणी कमी होण्याचा धोका मोठा. या विषाणूचे काही मोजके कण, अंदाजाने अगदी १८ सुद्धा, माणसाला आजारी पाडायला पुरतात. पृष्ठभागावर तो अनेक दिवस टिकतो, आणि बरं वाटू लागल्यावरही रुग्णाच्या शरीरातून दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ बाहेर पडत राहतो. म्हणजे केबिनमधला माणूस आज ठणठणीत दिसतो म्हणून त्याने हाताळलेलं केळं निर्धोक ठरत नाही. साल सोलताना साल धरलेला हातच पुढे गराला लागतो.

इथे हॅंड सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नये. नोरोव्हायरसला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे करोनाच्या विषाणूवर जे अल्कोहोल चांगलं काम करतं ते याच्यावर तोकडं पडतं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान २० सेकंद हात चोळून धुणं हाच भरवशाचा उपाय. आपलाच ट्रे उचलून बाहेर ठेवला असेल, वाटेत आलेला दुसऱ्याचा ट्रे हाताने सरकवला असेल, किंवा कुतूहलाने लहान मुलाने त्यावरचं झाकण उचललं असेल, तर लगेच हात धुवावेत. मुलांना तर ट्रेपासून लांबच ठेवावं. त्यांच्या हाताच्या उंचीवर तेवढाच तर असतो.

मग आपल्याच ट्रेवर उरलेलं अन्न दोन-चार तासांनी खायला काय हरकत, असा प्रश्न उरतो. बंद केबिनमधलं तापमान जिवाणूंना मानवतं. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवायचे, ही जहाजाच्या गॅलीतली, म्हणजे स्वयंपाकघरातली शिस्त. ट्रे केबिनमध्ये आला की ती संपते. खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं शिजवलेलं अन्न टाकून द्यावं असा सर्वसाधारण सल्ला आहे. भाताबाबत तो जास्तच पाळावा. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि त्यांतले काही असं विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही नाहीसं होत नाही. मुंबई-गोवा जहाजावर रात्री उशिरा मागवलेली बिर्याणी सकाळी नाश्त्याला संपवण्याचा मोह होऊ शकतो. मागवतानाच थोडी मागवावी. अन्न वाचवायचं तर ते तिथे वाचतं, ट्रेवरून पुन्हा उचलून नव्हे.

ट्रे परत गेल्यावर त्याचं काय होतं, हे पाहिलं की स्टुअर्डचा आग्रह समजतो. डेकवरच्या छोट्या पॅन्ट्रीतून तो भांडी धुण्याच्या विभागात जातो. तिथे खरकटं एकीकडे, काच, कागद आणि प्लॅस्टिक दुसरीकडे असं वेगळं केलं जातं. मोठ्या जहाजांवर खरकटं दळणाऱ्या यंत्रात जातं. सागरी प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल कराराच्या पाचव्या परिशिष्टाप्रमाणे २५ मिलिमीटर जाळीतून जाईल इतकं बारीक केलेलं अन्नच किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे समुद्रात सोडता येतं. न दळलेलं सोडायचं तर १२ मैलांच्या पलीकडे. काही विशेष सागरी क्षेत्रांत नियम याहून कडक आहेत. प्लॅस्टिक मात्र कुठेही, एक तुकडासुद्धा टाकता येत नाही. म्हणून चहाच्या कांड्या, बटरची डबी, ओला टिश्यू हे सगळं भाताच्या राशीत खोचू नये. ते दुसऱ्या कोणालातरी हाताने वेचावं लागतं. ट्रे बाल्कनीतही ठेवू नये. वाऱ्याने नॅपकिन आणि पाकिटं उडतात, ती थेट समुद्रात जातात, आणि बंदरात असताना समुद्रपक्षी येतात. भांडी पुढे यंत्रात धुतली जातात आणि शेवटी ८२ अंशांच्या आसपासच्या पाण्याने निर्जंतुक होतात. घासलेल्या ताटाची म्हणूनच भीती नसते. धोका असतो तो कॉरिडॉरपासून या यंत्रापर्यंतच्या टप्प्यात.

या सगळ्यावर बाहेरून नजर ठेवणारी यंत्रणाही आहे. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने १९७५ मध्ये जहाजांच्या स्वच्छता-तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. १३ किंवा जास्त प्रवासी घेऊन परदेशातून अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची न सांगता तपासणी होते. शंभरपैकी ८६ गुण मिळाले तर जहाज उत्तीर्ण, ८५ ला नापास. कर्मचाऱ्यांच्या तोंडी याला ‘यूएसपीएच’ म्हणतात आणि ते नाव निघालं की गॅलीत प्रत्येक फडकं आपल्या जागी जातं. जहाजावरच्या प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांनी पोटाच्या आजाराची नोंद केली, की संस्था ती साथ जाहीर करते. त्यामुळे जहाजांवरच्या साथी बातम्यांत दिसतात. एरवी अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी फक्त १ टक्का जहाजांवरच्या असतात. जहाज म्हणजे रोगाचं आगर असं समजून घाबरण्याचं कारण नाही.

घाबरून काही होतं ते एवढंच, की माणसं आजार लपवतात. उलटी झाली हे सांगितलं तर खोलीत बसवतील, पैसे भरून केलेली सहल वाया जाईल, असं वाटतं. हे न सांगण्याची किंमत ट्रे उचलणारा माणूस मोजतो. खोलीत कोणी आजारी असेल तर ट्रे बाहेर अजिबात ठेवू नये. वैद्यकीय विभागाला फोन करावा आणि ट्रे नेणाऱ्यालाही आधीच सांगावं. जहाजांकडे अशा वेळची ठरलेली पद्धत असते. त्या ट्रेची भांडी वेगळी हाताळली जातात आणि खोलीची सफाई क्लोरीनयुक्त द्रावणाने होते. लक्षणं थांबल्यावर प्रवाशाने निदान २४ तास खोलीत राहावं. अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला तर ४८ तास कामापासून दूर राहावं लागतं.

ट्रे नेणाऱ्या माणसांची गोष्ट जगाने एकदा फार जवळून पाहिली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस हे जहाज ३,७११ माणसांसह अडकून पडलं. ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांना केबिनमध्ये राहायला सांगितलं गेलं आणि जेवण दारोदार पोहोचवण्याचं काम कर्मचाऱ्यांवर आलं. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांपैकी १३२ कर्मचारी. एकूण ७१२ जणांना करोनाची लागण झाली. कर्मचाऱ्यांमधल्या पहिल्या २० रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतले १५ जण अन्नसेवेतले निघाले, आणि १६ जण तिसऱ्या डेकवर राहणारे होते, जिथे अन्नसेवेतल्या लोकांच्याच खोल्या होत्या. संसर्ग ट्रेवरून पसरला असं यातून सिद्ध होत नाही. एकत्र राहणं आणि एकत्र जेवणं हे जास्त संभाव्य कारण होतं. पण प्रवासी दार लावून सुरक्षित बसले असताना कॉरिडॉरमध्ये कोण फिरत होतं, हे मात्र त्या आकड्यांत लख्ख दिसतं.

ही माणसं आपल्याला परकी नाहीत. गोव्यातल्या कित्येक घरांत पिढ्यानपिढ्या एक तरी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा माणूस, असतो. सालसेत-बार्देशातल्या गावांत नवी कौलं चढली ती अनेकदा जहाजावरच्या पगारावर. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार जहाजावरच्या माणसाला २४ तासांत १४ तासांहून जास्त काम देता येत नाही, किंवा १० तासांहून कमी विश्रांती देता येत नाही. मर्यादाच इतकी वर आहे, यावरून दिवस किती लांब असतो ते समजावं. दिवसभर वाकून ट्रे उचलणाऱ्याला त्यावरचा पसारा एकावर एक नीट रचलेला मिळाला, तर त्याचं काम खरंच हलकं होतं. समोर आला तर नावाने हाक मारावी, नाव कोटावर लिहिलेलं असतं. टिप द्यायची तर हातात द्यावी, खरकट्या ट्रेवर ठेवू नये. तिथे ती नॅपकिनबरोबर कचऱ्यात जाते, किंवा ती आपल्यासाठीच आहे का, असा पेच उचलणाऱ्यापुढे पडतो.

काही वस्तू ट्रेवर कधीच ठेवू नयेत. इन्शुलिन घेणारे प्रवासी आपल्यात पुष्कळ असतात. वापरलेली सुई नॅपकिनमध्ये गुंडाळून ट्रेवर ठेवली, की ती ट्रे उचलणाऱ्याच्या बोटात जाते आणि त्याला पुढचे महिने रक्ताच्या तपासण्यांच्या काळजीत काढावे लागतात. सुया टाकायचा कडक डबा स्टुअर्डकडे किंवा वैद्यकीय विभागात मागितला की मिळतो. जेवताना काढून नॅपकिनात ठेवलेली कवळी आणि श्रवणयंत्र यांचंही तसंच. ट्रे एकदा भांडी धुण्याच्या विभागात गेला, की त्या वस्तू परत सापडणं कठीण. ट्रे द्यायच्या आधी प्रत्येक नॅपकिन उलगडून बघावा.

सफरीच्या शेवटच्या रात्री या सगळ्याकडे जास्त लक्ष द्यावं. त्या रात्री बऱ्याच जहाजांवर प्रवाशांना मोठ्या बॅगा लेबल लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या उचलून बंदरात उतरवता याव्यात म्हणून. कॉरिडॉर दोन्ही बाजूंनी भरलेला असतो, ढकलगाड्या फिरत असतात, स्टुअर्ड सामानात गुंतलेले असतात आणि ट्रे उचलायला नेहमीपेक्षा उशीर होतो. त्या रात्री खोलीत जेवण मागवायचंच असेल तर संध्याकाळी लवकर मागवावं, आणि बॅगा बाहेर जाण्याआधी फोन करून ट्रे माणसाच्या हातात द्यावा.